न खाजणारा चट्टा : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्राचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही. वय आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी त्या बाईंना विचारलं, लिहून झाल्यावर वाचून दाखवलं.

पार्श्वभूमी

मी ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे, ते यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अलीकडे आहे. शिवारात कापूस आणि तूर, मधेमधे सागाचं जंगल, कोलाम आदिवासींची पोडं, म्हणजे छोट्या वस्त्या. ओपीडीत चामडीची तक्रार घेऊन येणारे रोजचे: नायटा, खरूज, फवारणीनंतरची आग, गाजर गवताची ॲलर्जी. त्वचारोगतज्ज्ञ मात्र जिल्ह्याच्या गावी. एसटी पहाटे निघते, परतीची गाडी अंधार पडल्यावर पोचते. २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याची अडचण पूर्वीइतकी राहिली नाही. अडचण रोजीची आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दिवाळीनंतरच्या दिवसांत एक दिवस बुडाला की त्या ओळीतला कापूस दुसरीच्या ओट्यात जातो, आणि तो दिवस पुन्हा भरून निघत नाही.

म्हणून उपकेंद्रातच तज्ज्ञाचं मत मिळावं, ही आमची फार दिवसांची गरज होती. ई-संजीवनी ही केंद्र सरकारची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये उपकेंद्र ते डॉक्टर अशी सुरू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, रुग्णाला घरून डॉक्टरशी बोलता येऊ लागलं. दूरस्थ तपासणीचे राष्ट्रीय नियमही २५ मार्च २०२० चेच. व्हिडिओवरच्या पहिल्याच भेटीत क्लोट्रिमॅझोल, कॅलामाइन, बेन्झिल बेन्झोएट यांसारखी लावायची औषधं देता येतात, असं त्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. चामडीच्या निम्म्या तक्रारींचं काम तेवढ्यात भागतं.

आमच्याकडे या सेवेला जोडून एक पद्धत बसली. उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे आमची सीएचओ, फोटो काढते, एक पानी फॉर्म भरते आणि पाठवते. त्वचेच्या मॅडम आपली ओपीडी आटोपल्यावर दुपारी ते पाहतात आणि उत्तर देतात. गरज पडली तर व्हिडिओवर बोलतात. यातून झालेलं चांगलं काम मी स्वतः पाहिलं आहे. एका पोडावरच्या मुलांची खाज महिनोन्‌महिने जात नव्हती. मॅडमनी बोटांच्या बेचक्यांचा एकच फोटो पाहिला आणि सांगितलं, खरूज आहे. ज्याला खाजतं त्याला एकट्याला औषध देऊ नका, घरटी सगळ्यांना एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावा, अंथरूण-पांघरूण उन्हात टाका. पोड शांत झोपलं. हे आधी सांगतो, कारण पुढची हकिकत वाचून कुणी ही पद्धतच वाईट ठरवू नये.

अडचण

बाईंचं वय पस्तिशीच्या आसपास. घरी नवरा, सासू, दोन मुलं. स्वतःची शेती नाही. निंदण, वेचणी, जे मिळेल ते काम. डाव्या कोपराखाली एक लालसर चट्टा आणि डाव्या गालावर दुसरा. कोपराखालचा सात महिन्यांपासूनचा, गालावरचा अलीकडचा.

सात महिन्यांत त्यांनी काही केलं नाही, असं नाही. बाजाराच्या दिवशी मेडिकलमधून ट्यूब आणली होती. रिकामी झालेली ट्यूब त्यांनी पिशवीत घालून आणली, म्हणून तिच्यात काय आहे ते आम्हाला वाचता आलं: क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड, सोबत बुरशीवरचं औषध, सोबत जंतुनाशकं. अशा चौकडीच्या ट्यूबा गावोगावी मिळतात. लावली की चार दिवसांत लाली उतरते, माणसाला वाटतं गुण आला, सोडली की डाग परत येतो आणि आधीपेक्षा पसरतो. नायट्यावर लावली तर नायट्याची कडा पुसते, मधला भाग विचित्र दिसू लागतो, आणि चांगल्या तज्ज्ञालाही तो ओळखता येत नाही. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये केंद्राने नियम कडक केले. मेडिकलच्या काउंटरवर ते अजून पोचायचे आहेत.

पहिला फेरा

बाई आल्या तो लसीकरणाचा दिवस. ओसरीवर लेकुरवाळ्या बायांची रांग, आत पेट्या, बाहेर रडारड. सीएचओने ओसरीतच बाईंचा हात हातात घेतला, चट्ट्याचे दोन फोटो जवळून काढले, एक गालाचा काढला. फॉर्म भरला. त्यात ‘खाज’ असा रकाना आहे. तो कोराच राहिला. ‘बधिरपणा’ असाही रकाना आहे. तिने विचारलं, “बधिर आहे का?”

बाई म्हणाल्या, “नाई जी, मले बराबर ऐकू येते.”

गर्दीत ते उत्तर अर्धंच ऐकू गेलं. ‘नाही’ वर खूण झाली.

ही दोन वाक्यं मी नंतर बाईंकडून आणि सीएचओकडून वेगवेगळी ऐकली, आणि दोन्ही वेळा माझ्या पोटात कालवलं. आमच्या पत्रकांवर, भिंतीवरच्या रंगवलेल्या सूचनांवर आम्ही वर्षानुवर्षं ‘बधिर चट्टा’ लिहीत आलो. ज्या बाईने बधिर हा शब्द फक्त मूकबधिर शाळेच्या पाटीवर पाहिला, तिने त्याचा अर्थ कानाशी जोडला तर तिची काय चूक? तिला “इथं हात लावला तर समजते का?” असं विचारायला हवं होतं.

फोटोंचंही तसंच झालं. चट्ट्याला खोबरेल तेल लावलेलं होतं, त्यामुळे वरचा कोरडेपणा दिसला नाही. ट्यूबलाइटचा निळसर उजेड होता. आणि फोनचा ब्युटी मोड सुरू होता. तो कित्येक नव्या फोनमध्ये आपोआप सुरू असतो, हे आम्हा कुणाच्याच ध्यानात नव्हतं. चेहरा गुळगुळीत करणारी, रंग उजळवणारी सोय चामडीच्या फोटोसाठी घातक आहे. सावळ्या कातडीवर लाली तशीही लाल दिसत नाही. तांबूस-जांभळी, कधी नुसती काळपट दिसते. फोनने उरलीसुरली खूणही पुसून टाकली.

मॅडमपुढे जे आलं त्यावरून त्यांनी दिलेलं उत्तर चुकीचं म्हणता येत नाही: स्टेरॉइडने बिघडलेला नायटा दिसतो, ती ट्यूब बंद करा, साधं बुरशीचं मलम दोन आठवडे लावा, मग पुन्हा फोटो पाठवा. ही सूचना नियमात बसणारी होती, सावधही होती. फॉर्मवर सही माझी आहे. मी तो संध्याकाळी इतर कागदांच्या गठ्ठ्यात पाहिला आणि पुढे ढकलला.

दुसरा फेरा

दोन आठवड्यांनी बाई स्वतः आल्या नाहीत, वेचणी सुरू होती. आशाताई शेतावर गेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांना उपकेंद्रात घेऊन आल्या. गाल सुजलेला होता, चट्टा वर उचललेला आणि गडद. ट्यूब बंद केल्यावर असं झालं म्हणून घरचे सरकारी औषधावर चिडलेले.

या वेळी सीएचओला सवड होती आणि तिने फोटो नीट काढले. बाईंना खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बसवलं, तेल पुसलं, हिरवा कपडा अंथरून त्यावर आख्खा हात ठेवायला लावला. आधी लांबून, मग मधून, मग जवळून, शेजारी पट्टी ठेवून. ब्युटी मोड बंद.

निदान चट्ट्याच्या जवळच्या फोटोने केलं नाही. ते लांबून काढलेल्या फोटोने केलं.

मॅडमनी त्याच दुपारी व्हिडिओ लावला. त्यांचा पहिला प्रश्न चट्ट्याबद्दल नव्हताच. “करंगळीच्या टोकाला काय आहे ते?”

सीएचओने वाकून पाहिलं. करंगळीच्या पेरावर वाळलेला फोड, कडेला काळी पडलेली कातडी.

“भाजलंय मॅडम. भाकरी करताना भाजलं असेल.”

“कधी भाजलं, विचारा.”

बाई म्हणाल्या, “मले का माहीत जी. पोरगा म्हणे, माय, तुया बोटाले फोड हाये. तवा पायलं.”

मॅडम थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग विचारलं, “चट्टा खाजतो का?”

“खाजत नाई. खाजलं असतं त म्या आधीच आली असती.”

नायटा रात्री झोपू देत नाही. गाजर गवताची ॲलर्जी तर माणसाला वेडं करते. ती दोन्ही पापण्यांवर, मानेच्या वळ्यांत, कोपरांच्या घड्यांत, म्हणजे जिथे हवेतली धूळ बसते तिथे दोन्ही बाजूंना येते. इथे एकाच बाजूला चट्टे, खाज नाही, आणि भाजलेलं बोट मुलाने दाखवेपर्यंत आईला कळलेलं नाही. मॅडमनी मला फोन केला आणि सरळ विचारलं, “डॉक्टर, तुम्ही हिला हात लावून पाहिलंय का?”

मी पाहिलं नव्हतं.

कुठले रस्ते होते

रात्री आम्ही तिघं फोनवर बोललो. संशय कुष्ठरोगाचा होता. समोर चार रस्ते होते.

पहिला, बाईंना दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी पाठवणं. तज्ज्ञ प्रत्यक्ष पाहील, नमुना तपासता येईल. सीएचओचा याला विरोध होता आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. बाई पूर्वी एकदा गालाच्या डागासाठी मोठ्या दवाखान्यात गेल्या होत्या. त्या दिवशी चामडीची ओपीडी नसते असं कळलं आणि त्या परत आल्या. पुन्हा जा म्हटलं तर त्या ‘हो’ म्हणतील आणि जाणार नाहीत. वेचणी संपेपर्यंत तर नाहीच.

दुसरा, फोटोवरूनच औषध बदलून आणखी दोन आठवडे पाहणं. तिघांनीही तो लगेच सोडला. नसेला इजा होत असेल तर दोन आठवडे फार मोठे असतात.

तिसरा, मी एकट्याने तपासून, एकट्याने उपचार सुरू करणं. हे मला करता आलं असतं. कुष्ठरोगाचं निदान करायला तज्ज्ञ लागत नाही. संवेदना गेलेला चट्टा, जाड झालेली नस आणि तिच्या क्षेत्रातला बधिरपणा किंवा अशक्तपणा, किंवा त्वचेच्या नमुन्यात जंतू: या तीनपैकी एक खूण पक्की मिळाली तरी पुरते. राष्ट्रीय कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर निदान करतो आणि गोळ्याही तिथूनच मिळतात. पण सुजलेला गाल आणि करंगळी पाहता ही नुसती लागण दिसत नव्हती. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंवर अचानक उसळते आणि त्या झटापटीत नस सुजते, त्याला आम्ही रिॲक्शन म्हणतो. त्यात तोंडाने स्टेरॉइड द्यावं लागतं. सात महिने स्टेरॉइडचीच ट्यूब लावलेल्या बाईंना ते किती आणि किती दिवस द्यायचं, याचा निर्णय मला एकट्याला घ्यायचा नव्हता.

चौथा, हात माझा आणि डोळे मॅडमचे. मी उपकेंद्रात जायचं, व्हिडिओ सुरू ठेवून तपासायचं. तो आम्ही निवडला. निवडताना मला एक गोष्ट बोचत होती. हाच रस्ता पहिल्या दिवशी मोकळा होता. तज्ज्ञ फोनवर आहे म्हटल्यावर मी माझे हात खिशात घातले होते.

काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, बाई शेतावर जायच्या आधी, मी पोचलो. उपकेंद्रात रेंज येत-जात होती, म्हणून टेबल मागच्या खिडकीशी नेलं. व्हिडिओ अडकला की आवाजाच्या कॉलवर बोलायचं, असं आधीच ठरवलं.

बॉलपेनचं टोक हे सगळ्यात स्वस्त यंत्र. आधी बाईंना डोळे उघडे ठेवून, चांगल्या कातडीवर टोक टेकवून दाखवलं: समजलं की त्याच जागी बोट ठेवायचं. मग डोळे मिटायला सांगितले. उजव्या हातावर बोट दर वेळी बरोबर जागी गेलं. डाव्या कोपराखाली, चट्ट्याच्या मध्ये मी टोक टेकवलं. बाई वाट पाहत बसल्या. पुन्हा टेकवलं. त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, “सुरू नाई केलं का जी अजून?”

आशाताईंनी तोंड फिरवलं.

कोपर वाकवून मागच्या खाचेतली नस चाचपली. मॅडम फोनवरून सांगत होत्या, “बोटं आडवी फिरवा, जोर नको. आधी उजवी बाजू पाहा, मग डावी. नजर तिच्या चेहऱ्यावर ठेवा.” उजवीकडे नस बारीक दोरीसारखी. डावीकडे पेन्सिलीएवढी, आणि तिला बोट लागताच बाईंचा चेहरा आक्रसला. करंगळी आणि अनामिकेच्या मध्ये कागद धरायला दिला. तो ओढल्याबरोबर सुटला.

मग सीएचओने पडदा ओढून बाईंची पूर्ण तपासणी केली. हे काम बाईमाणसानेच करायचं होतं आणि ती ते नीट करते. पाठीवर, कमरेच्या वर, उजव्या मांडीवर आणखी पाच चट्टे निघाले, काही इतके फिकट की तिरप्या उजेडातच दिसत. बाईंना त्यांतल्या एकाचीच कल्पना होती. म्हणजे एकूण सात. पाचपर्यंत चट्टे असले की एक गट, पाचाच्या वर गेले की बहुजिवाणू गट, आणि मग उपचार बारा महिन्यांचा. ओसरीतल्या तीन फोटोंवरून आम्ही दोन मोजले होते.

निदान सांगणं माझ्याकडे होतं. नवरा बाहेर थांबला होता. आधी बाईंना एकट्यांना सांगितलं. रोग कोणता, जंतू कोणता, गोळ्या फुकट, पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांतच दुसऱ्याला लागण्याचा धोका जवळजवळ संपतो, भांडी-अंथरूण वेगळं करायचं नाही. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मले आता आनंदवनात पाठवसान का जी?”

या प्रश्नामागे आपल्या भागाचा शंभर वर्षांच्या आसपासचा इतिहास आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी सुरू केलं, अमरावतीचं तपोवन १९४६ साली शिवाजीराव पटवर्धनांनी, वरोऱ्याजवळ आनंदवन १९४९ साली बाबा आमट्यांनी. ज्यांना घराने बाहेर काढलं त्यांना या जागांनी माणूस म्हणून उभं केलं, हे विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. पण त्यामुळेच गावात हा रोग म्हणजे घर सुटणं, असं मनात बसलं आहे. मी म्हणालो, “नाही. तुम्ही तुमच्याच घरी राहाल. गोळ्या इथेच, या टेबलावर मिळतील.” त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही, तरी तो दाराबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं त्यात होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढलं. हे मी नवऱ्यासमोर, सहज माहिती दिल्यासारखं, सांगितलं. तो म्हणाला, “सोडाची गोष्टच नाई साहेब. वेचणीले मात्र पाठवू का नाई ते सांगा.” पाठवा म्हटलं, हाताला कापड बांधून.

औषधाआधी जे पाहायचं ते त्याच दिवशी पाहिलं. हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, खोकला-ताप विचारून क्षयरोगाची चाळणी, पाळी चुकली आहे का, जंताची गोळी. सिकलसेलची चाचणीही केली. कुष्ठरोगाच्या पाकिटातल्या डॅप्सोन या गोळीने काहींच्या रक्तपेशी फुटतात, आणि आमच्या पट्ट्यात सिकलसेलही आहे, पंडुरोगही आहे. हिमोग्लोबिन न पाहता हे पाकीट हातात देणं मला पटत नाही. ते कमी निघालं, पण गोळ्या थांबवण्याइतकं नाही. लोहाच्या गोळ्या जोडल्या आणि दर पंधरवड्याला पुन्हा तपासायचं ठरलं.

मॅडमनी प्रेडनिसोलोन, म्हणजे तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड, सकाळी ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू उतरवायची आखणी दिली. चिठ्ठी मी लिहिली. तज्ज्ञ डॉक्टर सल्ला देतो, पण ज्याच्यासमोर रुग्ण आहे त्या डॉक्टरची जबाबदारी त्याच्याकडेच राहते. नियमही हेच सांगतो, आणि ते योग्य आहे. एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्र गोळ्यांच्या पाकिटाची, पहिली मात्रा बाईंनी माझ्यासमोर घेतली. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या: महिन्याची मोठी मात्रा घेतली की लघवी लाल होते, आणि त्यातल्याच क्लोफाझिमिनने काही महिन्यांत कातडी काळवंडते, ती औषध संपल्यावर हळूहळू निवळते. हे आधी सांगितलं नाही तर लोक औषध सोडतात. त्यांना वाटतं रोग वाढला.

घरातल्या सगळ्यांना तपासलं. सासू, नवरा, मोठी मुलगी यांच्यात काही आढळलं नाही. धाकट्याच्या गालावर पांढुरका डाग होता. तोच मुलगा, ज्याने फोड दाखवला होता. इथे पुन्हा थांबावं लागलं, कारण चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत राहू शकते. पेनचं टोक तिथे भरवशाचं नाही. मॅडमनी फोटो पाहून सांगितलं, लहान मुलांत कोरड्या कातडीने असा डाग येतो, तेल लावा, तीन महिन्यांनी त्याच उजेडात त्याच अंतरावरून फोटो काढा. तो डाग गेला. पात्र असलेल्या घरच्यांना रिफॅम्पिसिनची एकच प्रतिबंधक मात्रा दिली.

निष्पत्ती

गालाची सूज तीन आठवड्यांत उतरली. नसेचं दुखणं दीड महिन्यात थांबलं. चौथ्या महिन्यात करंगळीने कागद धरला. सैल, पण धरला. चट्ट्याच्या कडांना स्पर्श कळू लागला आहे, मध्ये अजून नाही. करंगळीच्या टोकाची जाणीव परतलेली नाही, आणि आता ती पूर्ण येईल असं मॅडमना वाटत नाही. नसेची ताकद गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाला तर बरंच परत येतं. यांच्या बाबतीत ताकद नेमकी कधी गेली हे कुणालाच सांगता येत नाही, पण ट्यूब लावण्यात गेलेले सात महिने आणि आमचे दोन आठवडे त्यात आहेत.

बाई आता तवा उतरवताना कापड घेतात, रोज रात्री हात पाण्यात भिजवून तेल लावतात, बोटं उलटीपालटी करून पाहतात. नववं पाकीट सुरू आहे. मधल्या काळात जिल्ह्याच्या गावी एकदाच जावं लागलं, तेही वार आणि वेळ मॅडमशी ठरवून. बाकी सगळ्या भेटी उपकेंद्रात झाल्या, बहुतेक सकाळी आठच्या आत, कामाचा दिवस न बुडवता.

पुन्हा वेळ आली तर

फोटो सगळ्यात शेवटी काढेन. आधी हात. आता आमच्या फॉर्मचा क्रम बदलला आहे: पहिल्या ओळीत खाज, दुसरीत पेनच्या टोकाची तपासणी कुणी केली त्याची सही, तिसरीत कपडे बाजूला करून पूर्ण अंग पाहिलं का. हे रकाने कोरे असतील तर मॅडम फोटो उघडतच नाहीत. ही अट त्यांनीच घातली. सुरुवातीला सीएचओंना ती जाचक वाटली, मलाही. आता तीच अट आम्हाला सावरते.

‘बधिर’ हा शब्द फॉर्मवरून काढला. त्या जागी “हात लावला त समजते का?” आणि “भाजलेलं-कापलेलं समजते का?” असं लिहिलं. हे शब्द आशाताईंनी दिले. पाच मिनिटांचं काम होतं.

लसीकरणाच्या दिवशी चामडीचा रुग्ण आला तर त्याला दुसरी वेळ देऊन पाठवायचं की गर्दीतच पाहायचं, यावर आमचं अजून एकमत नाही. सीएचओ म्हणते, परत पाठवलेली बाई येत नाही. तिचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे. तरीही ओसरीत, वीस बायांसमोर, कुणाला पाठ उघडी करायला सांगता येत नाही, आणि पाठ न पाहता निदान होत नाही. सध्या आशाताई अशा रुग्णांची नावं वहीत घेतात आणि स्वतः जाऊन आणतात. दोन पाडे लांबचे आहेत, तिथे हे नेहमी जमत नाही.

मेडिकलवाल्याला मी दोनदा भेटलो. तो वाईट माणूस नाही. म्हणतो, “साहेब, मी नाही दिली तर लोक शेजारून घेतात.” आता तो निदान इतकं करतो, की महिनाभर ट्यूब घेऊनही डाग गेला नाही असं कुणी सांगितलं तर उपकेंद्राकडे बोट दाखवतो. त्याच्याकडून आलेले दोन रुग्ण आम्ही तपासले. दोघांनाही नायटाच निघाला.

राहिली एक गोष्ट, जी दुरुस्त करता येत नाही. पहिल्या दिवशी नेट मंद होतं, फोटो अपलोड होत नव्हते, म्हणून ते आमच्या आरोग्य केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले गेले, तिथून ते मी मॅडमना पाठवले. ग्रुपमध्ये चाळीसेक माणसं: कर्मचारी, गाडीचालक, आशा, काही त्याच गावचे. गालाचा फोटो होता, आख्खा चेहरा दिसत होता. तेव्हा तो नायट्याचा फोटो होता, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. दोन आठवड्यांनी त्याचा अर्थ बदलला. मी ग्रुपवरून तो काढून टाकला, सगळ्यांना आपापल्या फोनमधून पुसायला सांगितलं, आणि त्यानंतर ग्रुपवर रुग्णाचा फोटो टाकणं बंद केलं. आता तो फक्त सेवेच्या ॲपमधून जातो, फोटोतले डोळे झाकून, आणि पाठवला की फोनमधून पुसला जातो. नेट नसेल तर थांबतो.

पण तो पहिला फोटो किती फोनमध्ये आपोआप उतरला असेल, ते मला सांगता येत नाही. मी हे बाईंना सांगायला त्यांच्या घरी गेलो. त्या चुलीशी बसल्या होत्या, हाताला कापड गुंडाळलेलं. सगळं ऐकून घेतलं. मग सासूकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, “पुढच्या बाईचा नका टाकू जी.”